जॅकवरचं घर

माझी वहिनी कशाला घाबरत नाही, असं कुणी विचारलं तर मला बराच वेळ विचार करावा लागेल. ती कुत्र्याला घाबरते, लिफ्टला घाबरते, कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की ओट्यापासून लांब जाऊन उभी राहते. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवते आणि मग उचलते. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा तिचा धंदा. मशीन बंद केलं, प्लग काढला, तरी एकदा मागे वळून बघणार. दादा तिला भागूबाई म्हणतो. मीही तिची थट्टा करायची एक संधी सोडलेली नाही. नणंद असून गप्प बसायचं, हे मला तरी जमलेलं नाही.

दादा बरोब्बर उलटा. ट्रकच्या गॅरेजमध्ये मुख्य मेकॅनिक, आणि दुसऱ्याच्या हातचं काम त्याला कधी पसंत पडलेलं नाही. केस कापायला बसला तरी कापणाऱ्याला सूचना देतो. त्यामुळे बस डेपोच्या मागच्या गल्लीतलं ते जुनं दुमजली घर त्यांनी घेतलं, तेव्हा पुढे काय होणार हे मला कळून चुकलं होतं. "सगळं आपणच करायचं," दादाने जाहीर केलं आणि वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

घर बरीच वर्षं बंद होतं. खाली दोन खोल्या, वर लाकडी जमिनीची एक मोठी खोली. गॅरेजमधून आला की दादा फावडं नाहीतर करवत घ्यायचा, वहिनी डोक्याला फडकं बांधून भिंती खरवडायला बसायची आणि सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. वहिनीचं तोंड सतत चालू. ही भेग कालपेक्षा मोठी दिसते का? वरून कसला आवाज आला? हा वास कशाचा? आम्ही दोघं पार वैतागायचो. खोटं कशाला बोलू, तिच्या प्रश्नांनी माझं डोकं उठायचं.

खालच्या खोलीच्या मध्यावर एक लाकडी खांब होता. त्याने वरची तुळई पेलली होती आणि तुळईने वरची जमीन. खांबाचं बूड ओलीने कुजलेलं होतं, बोट घातलं की भुसा यायचा. ते कापून खाली दगड बसवायचा, असं दादाने ठरवलं. तेवढा वेळ तुळईला आधार म्हणून गॅरेजमधला जॅक आणला. खांबाच्या शेजारी जाड फळी, फळीवर जॅक, जॅकवर एक भक्कम ओंडका उभा केला आणि दांडा मारून तुळई जराशी उचलली.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. "अहो, गॅरेजमध्ये तुम्ही जॅक लावल्यावर आणखी काहीतरी लावता ना?"

"लोखंडी स्टँड लावतो, आधाराला."

"मग इथे?"

आता हे खरं आहे की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी गेलं तर दादा त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो, मग तो कितीही जुना कामगार असो. पण तो हसला आणि म्हणाला, "भागूबाई, गाडीला चाकं असतात म्हणून स्टँड लागतो. घर काय पळून जाणार आहे का?"

मीही हसले. वहिनी हसली नाही.

दादाने कुजलेलं बूड करवतीने कापून काढलं. वरचा खांब तुळईला खिळलेला होता, तो तसाच लोंबत राहिला. मग दादा पालथा झोपला आणि खालच्या खळग्यातला चिखल हाताने उपसायला लागला. कोपरापर्यंत हात आत. मी बादली घेऊन शेजारी बसले होते.

आधी वरून माती पडली, चिमूटभर. मी केस झटकले. मग लाकूड करकरलं आणि दादा ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जॅक हळूच खाली बसला होता. तुळईबरोबर खांब खाली आला होता आणि त्याच्या टोकाखाली दादाचा हात होता.

बादली हातातच राहिली.

"दांडा मार," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जॅकचा दांडा. थांबू नकोस."

मी दांडा मारायला लागले. मारत राहिलं तोवर खांब तिथेच थांबायचा, वर मात्र जायचा नाही, आणि मी दम घ्यायला थांबले की खाली यायचा. जॅकमधून तेल झिरपत होतं. भिंतीजवळ तुळईचं टोक जिथे शिरलं होतं तिथला गिलावा सुटून पडला. सगळं आलं तर दादाच्या पाठीवर येणार होतं, आणि माझ्या डोक्यावर. पळून जावं असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं.

"वजन जास्त आहे," दादा दातओठ खात म्हणाला. "वर टाइल्स आहेत."

बाथरूमच्या टाइल्सची खोकी. ओल लागू नये म्हणून त्यानेच ती वर नेऊन ठेवली होती, नेमकी या तुळईच्या वर.

"मी काढते," वहिनी म्हणाली.

"वर जायचं नाही. जमीन खाली येतेय. तू बाहेर जा, कुणाला तरी बोलाव."

वहिनी गल्लीत जाऊन मोठ्याने ओरडली. डेपोत बस सुरू होत्या, त्या आवाजात तिला कोण ऐकणार? ती परत आली तेव्हा तिचे दात एकमेकांवर आपटत होते. तिने दादाकडे पाहिलं आणि ती जिन्याकडे वळली. दादा तिला नावाने हाक मारत राहिला, भागूबाई नाही, खऱ्या नावाने. ती थांबली नाही.

वर तिची पावलं वाजली. प्रत्येक पावलाला माझ्या मानेवर माती पडत होती. आणि वहिनी रडत होती. मुसमुसून नाही, लहान मूल हरवल्यावर रडतं तशी, मोठमोठ्याने, लाजलज्जा सोडून. त्या रडण्यातच मागच्या अंगणात काहीतरी धाडकन फुटलं. तिने पहिलं खोकं खिडकीतून फेकलं होतं. त्या टाइल्स तिनेच पसंत केल्या होत्या, फिक्या निळ्या. मग दुसरं फुटलं. मध्येच लाकूड जोरात करकरलं आणि रडणं थांबलं. पुन्हा रडणं सुरू झालं, पुन्हा खोकं फुटलं. मी दांडा मारत होते, दादा डोळे मिटून पडला होता. किती खोकी होती कोण जाणे, ती संपतच नव्हती.

आणि मग दांडा मारल्यावर जॅक चढला. अगदी थोडा. मी पुन्हा मारला, पुन्हा चढला.

दादाने हात ओढून काढला. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला फरफटत दाराबाहेर आणलं आणि दोघांनी मिळून वर बघत हाका मारल्या. वहिनी जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी खाली आली.

दादाच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर बसलं. एक गवंडी बोलावला, त्याने लोखंडी टेकू लावून नवा खांब बसवला आणि आता यावर हत्ती उभा केला तरी चालेल म्हणाला. वहिनी पुन्हा फडकं बांधून भिंती खरवडायला लागली. तिचे प्रश्नही तसेच. हा आवाज कसला, ती भेग बघा.

दादा मात्र आत येईना. आधी म्हणाला, प्लास्टरमध्ये धूळ जाते. प्लास्टर निघाल्यावर म्हणाला, गवंड्याचं काम बरोबर नाही, मला बघवत नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर यायचा आणि पायरीवर बसून राहायचा. एका रविवारी तो म्हणाला, "विकून टाकू या हे."

वहिनी ब्रश घेऊन बाहेर आली. "का?"

"मला आत जायची भीती वाटते," दादा चपलेकडे बघत म्हणाला.

माझ्या जिभेवर टोमणा तयार होता. पण त्याचा आवाज ऐकून मी तो टोमणा गिळून टाकला. दादाला असं बघून मला त्या दिवसाइतकीच भीती वाटली.

"मलाही वाटते," वहिनी म्हणाली.

"मग तू कशी जातेस?"

वहिनीला प्रश्न कळलाच नाही असं दिसलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"घाबरतच जाते," ती म्हणाली. "का? तुम्ही एरवी कसे जायचात?"