चौकशीला आलेला माणूस

"मॅडम, आमच्या पोरीची सोयरीक जमून राहिली दत्तासोबत. तो तुमच्याकडं काहून येतो, तेवढं सांगा. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय."

पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, बोलणं फार नम्र. सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून बारा वर्षं काढल्यावर मला नम्र माणसाचाच आधी संशय येतो.

दत्ता तेवीस वर्षांचा, वारंगा फाट्यावर पिकअप चालवणारा. खोकल्यासाठी आला, गांजा ओढतो म्हणाला, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे धाडला. आम्ही याला 'ब्रीफ इंटरव्हेन्शन' म्हणतो. व्यसन हाताबाहेर जायच्या आत वीसेक मिनिटांचं बोलणं. उपदेश नाही, धाक नाही.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "सोडायची गरज दहापैकी किती वाटते?"

"चार."

"दोन काहून न्हाई?"

'दहा का नाही' विचारलं की माणूस बचाव करतो. 'दोन का नाही' विचारलं की सोडायची कारणं स्वतःच सांगतो.

"गाडी रिव्हर्स घेताना ध्यान राहत न्हाई," तो म्हणाला. आणि ओढतो किती? "हप्त्यातून एकदा." हे सांगताना तो दाराकडे बघत होता. मला पटलं नव्हतं.

आज त्याची दुसरी भेट, आणि त्याच्या आधी हा माणूस. खरं सांगते, त्या न पाहिलेल्या मुलीसाठी माझा जीव तुटला. पण पेशंट आला होता की नाही, हेसुद्धा आम्ही बाहेर सांगत नाही.

"काका, इथं कोण येतं, ते मी कुणालाच सांगत न्हाई. जे विचारायचं ते त्यालाच विचारा."

"नुसती मान हलवा."

मी मानही हलवली नाही. तो चुळबुळत गेला.

दहा मिनिटांनी दत्ता आत आला. मागे तोच माणूस, ओशाळलेला.

"हे माझे मामा. मीच धाडलं व्हतं. तुमी सांगता का न्हाई, बघायचं व्हतं."

मी चिडले. "माझी परीक्षा घेतो व्हय रे?"

"सोयरीक खरंच जमून राहिली, मॅडम." मग त्यानं मामांना बाहेर काढून दार लोटलं. "हप्त्यातून एकदा न्हाई. रोज. गाडीवर बसायच्या आधी बी."

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी चालवायची असेल त्या दिवशी गांजाला हात लावायचा नाही, हे त्यानंच ठरवलं. महिन्याभरानं म्हणाला, आता फक्त रविवारी. मुलीलाही त्यानं स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, तो रविवारही बंद कर, मग तारीख काढू.

पहिल्या भेटीतले आकडे मी आता पेन्सिलीनं लिहिते.