गावच्या भोपळ्याचं बी

भोपळ्याच्या बिया तव्यावर तडतडायला लागल्या, की मला मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची आठवते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. त्या वर्षी सासूबाईंनी गच्चीवर घरची भाजी लावायचं काढलं. मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आली आणि वास जाईपर्यंत ती मीच घासली. जावेला आणि मला त्यांनी गावच्या भोपळ्याचं राखेत घोळवलेलं बी वेगवेगळ्या पुड्यांत दिलं. जावेच्या खोक्यात आठवड्याभरात कोंब आले. माझ्या खोक्यात नुसती माती. शेजारणी गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या, तेव्हा सासूबाई माझ्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कायच रुजणा नाय गो हिच्याकडे." सगळ्या हसल्या, जाऊ सगळ्यांत मोठ्याने. खाली येऊन मी पुडीत उरलेल्या बिया फेकायला काढल्या आणि काय वाटलं कोण जाणे, एक पुसून तोंडात टाकली. कुरकुरीत लागली, खमंग. बी वाटायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात हाच वास सुटला होता आणि "चटणीक भाजतंय," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आता त्यांचे सगळे दात गेलेत, पण या बियांवरचा जीव काही गेलेला नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्या पलंगाशी बसून बिया सोलते आणि त्यांच्याकडे बघत एकेक खाते. "माका दी गो एक," म्हणतात. "चावायला दात कुठायत, आई?" मी म्हणते आणि पुढची सोलायला घेते.