खाटा नसलेला वॉर्ड

माणसाला नावाने हाक मारायची सवय परब सिस्टरना नव्हती. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या हेल्थ पोस्टमध्ये त्या पहिल्या दिवशी आल्या, आम्ही आरोग्यसेविका बसलो होतो त्या बाकड्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तीन नंबर, हजेरीचं रजिस्टर दे." मी मागे वळून पाहिलं. बाकड्यावर तिसरी मीच होते. सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या छातीच्या वॉर्डात काढलेल्या बाईला माणूस म्हणजे खाट आणि खाट म्हणजे नंबर. माझं नाव सुनंदा आहे हे त्यांच्या तोंडी बसायला दोन महिने गेले, आणि बसलं तेही "गो सुनंदा" असं, मालवणी हेल काढून. एरवी त्या चांगलं शुद्ध बोलायच्या. मन हललं की मात्र थेट मालवणला पोचायच्या.

आम्ही त्यांची पुष्कळ टर उडवली. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना कुणी वॉर्ड सोडून डोंगर चढायला येतं का? त्यासाठी त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा वर्षभराचा कोर्स केला होता, विशीतल्या पोरींच्या शेजारी बसून. पहिल्या आठवड्यात त्या कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून वस्तीत निघाल्या आणि सार्वजनिक नळापर्यंत पोचेतो गुडघ्यापर्यंत चिखल. घराघरांत शिरून पहिल्यांदा चादर ताणायच्या. एका आजीने तर विचारलं, "बाई, तू तपासायला आलीस की घर आवरायला?"

एकदा मी सरळच विचारलं, सिस्टर, तुम्ही आलात कशाला? त्यांनी एका रिक्षावाल्याची गोष्ट सांगितली. टीबी झालेला. दोनदा वॉर्डातून बरा होऊन घरी गेला आणि दोन्ही वेळा गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. तिसऱ्यांदा आला तो जायलाच. त्याची बायको रडली नाही. तिने फक्त विचारलं, आधी दोनदा बरं करून पाठवलंत, मग घरी आल्यावर कुणी का नाही बघितलं?

"वॉर्डात माणूस येता तेव्हा उशीर झालेलो असता गो," सिस्टर म्हणाल्या. "माका तेच्या आदी पोचूक व्हया."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर शंभरदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते जरा भाबडं वाटलं होतं. वस्तीत जन्म काढलेल्या माझ्यासारखीला ठाऊक होतं की इथे आधी पोचणं सोपं असतं, दार उघडून घेणं कठीण. वॉर्डात सिस्टरचा शब्द चालतो. गोळी तोंडात, पाणी वर, जीभ दाखव, झालं. वस्तीत पेशंट आतून कडी लावून बसतो आणि त्याची सासू सांगते की तो गावी गेलाय. टीबी कुणाला सांगायचा नसतो. मुलीला असेल तर तिच्या मावशीलाही नाही.

सिस्टरची खरी अडचण वेगळीच होती. त्यांना घरं सापडत नसत. आमच्या डोंगरावर एका पायरीवर तीन दारं, त्यातली दोन निळी, आणि पत्ता म्हणजे "पिठाच्या गिरणीमागे". त्यांच्या वाट्याला टीबीचे अकरा पेशंट होते आणि रोज त्यातले दोन-तीन त्या चुकायच्या. एक दिवस मला दिसलं, एका चौकटीच्या कोपऱ्यात खाली, खडूने छोटा गोल काढलेला आणि त्यात तीन रेघा. पोलिओच्या डोसाच्या वेळी आम्ही दारांवर खडूने खुणा करतोच, त्यामुळे वस्तीत खडूची खूण कुणी पुसत नाही. पण हा गोल आमचा नव्हता. पुढच्या गल्लीत आणखी एक दिसला, त्यात पाच रेघा. मग माझ्या लक्षात आलं. ज्या ज्या दारावर गोल, तिथे तिथे सिस्टरचा पेशंट. रेघा म्हणजे औषधाचे महिने. खाटेच्या पायथ्याशी कागद लटकवायची सवय त्यांनी दारापर्यंत आणली होती.

मला हसू आलं. मी इतर बायकांना सांगून त्यांनाही हसवलं. सिस्टरना मात्र काही बोलले नाही. त्या वरिष्ठ, मी मानधनावरची. उगाच खेकसून घ्यायचं कशाला, असा विचार केला. पेशंटचं नाव बाहेर कळू द्यायचं नाही हे त्यांना कोर्समध्ये शिकवलेलं होतं. पण गोल म्हणजे काही नाव नव्हे, असं त्यांनी धरलं असावं. मी काय धरलं होतं ते मला अजूनही सांगता येत नाही.

तीन रेघांचं ते दार कविताचं होतं. वय एकोणीस, घरात आई आणि ती, दोघी मिळून इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवायच्या. धाकटी बहीण दीपा गावी आजीकडे. कविताचा खोकला थांबला होता, अंगावर मांस चढायला लागलं होतं, लग्नही ठरलं होतं. सिस्टर तिच्यावर खूश होत्या. "माझी सगळ्यात शहाणी पेशंट," म्हणायच्या. सहा महिन्यांतले तीन सरले होते, तीन राहिले होते.

नवऱ्याकडची माणसं बदलापूरहून घर बघायला आली त्या दिवशी नळावरच्या कुणीतरी सांगितलं. वाईट हेतूने सांगितलं असंही नाही. कसला हो हा गोल, असं पाहुण्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "ज्यांच्याकडे ती गोळीवाली बाई येते ना, त्यांच्या दारावर असतो. वरच्या गल्लीत होता तो माणूस खोकूनच गेला." पाहुणे चहाला थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी सिस्टर आणि मी गोळ्या घेऊन गेलो तर दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, "सामान घेऊन गेल्या. कुठे ते सांगितलं नाही. तुमच्या त्या खुणेने वाट लावली त्यांची."

सिस्टर खाली वाकल्या आणि पदराने गोल पुसायला लागल्या. खडू पुसला गेला तरी पुसतच होत्या. मग आम्ही दोघींनी भर दुपारी अकराही दारं पुसली. त्यातल्या दोन दारांनी पुढे आम्हाला आत घेतलं नाही.

अर्ध्यावर सोडलेला टीबी परत येतो तेव्हा आधीच्या गोळ्यांना दाद देईलच असं नसतं. हे सिस्टरइतकं कोण जाणत होतं? सव्वीस वर्षं त्यांनी तेच पाहिलं होतं. त्या रोज सकाळी दहाला कविताच्या आईचा नंबर लावायच्या आणि "बंद" एवढंच म्हणून फोन खाली ठेवायच्या. जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या. महिना झाल्यावर आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पेशंट लॉस्ट दाखवा. रजिस्टरमध्ये त्याला रकाना आहे."

"रकानो आसा म्हणान त्या चेडवाक तेच्यात घालू काय?" सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांना मालवणी येत नव्हती, चेडू म्हणजे मुलगी हेही ठाऊक नसावं, पण त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं.

कविताची मावशी मानखुर्दला राहते एवढं शेजारणीकडून कळलं होतं. मावशीचं नाव माहीत नाही, इमारत माहीत नाही. दर रविवारी सिस्टर आणि मी मानखुर्दला उतरायचो आणि इमारतीमागून इमारत पालथी घालायचो. आता सिस्टर इतक्या सावध झाल्या होत्या की आजाराचं नाव सोडा, त्या नर्स आहेत हेही सांगायच्या नाहीत. गावाकडच्या लांबच्या नातेवाईक, मुलीसाठी स्थळ घेऊन आलोय, असं सांगायच्या. मोडलेल्या लग्नाच्या मुलीला शोधायला त्यांना हेच सुचलं होतं. एका घरात बाईने आम्हाला बसवलंच. "कविता नाही माहीत, पण माझी पण आहे ना लग्नाची," म्हणून मुलीला साडी नेसवून चहा घेऊन बाहेर पाठवलं. सिस्टरचं मुलीकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्यामागे खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा खोकला ऐकत होत्या. निघताना त्यांनी त्या बाईला बाजूला घेतलं आणि सासऱ्यांची थुंकी तपासायला न्यायचं कबूल करून घेतलं. खाली आल्यावर कठड्यावर बसून रडल्या. "ह्यो गावलो," म्हणाल्या, "ता खंय गेला असात?"

सात महिने आम्ही मानखुर्द धुंडाळलं. आणि कविता होती कांजूरमार्गला. मी राहते कांजूरमार्गला. स्टेशनबाहेरच्या मासळीवाल्यांसमोर एका संध्याकाळी मला तिची आई दिसली, मांदेलीचा वाटा घेत होती. मी तिच्या मागोमाग गेले. माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे पुनर्वसनाची इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. दाराच्या फटीतून मला कविता दिसली आणि मी आत न जाता जिन्यातूनच सिस्टरना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, चार मजले धापा टाकत.

कविताच्या आईने दार उघडलं. सिस्टरना पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता काय लिहायला आलात?"

"माझी चूक झाली," सिस्टर म्हणाल्या. "मुलीला दवाखान्यात नेऊया. वेळ नाहीये."

"तुम्ही नाही यायचं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू ये. तू आमच्या दीपाला पोलिओ पाजलास."

मी आत गेले. सिस्टर जिन्यात राहिल्या. मला त्या वेळी सिस्टरचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. गोल मीही पाहिला होता. पाहून हसले होते. हे कविताच्या आईला माहीत नाही. मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिने मला आत घेतलं ते न कळूनच घेतलं.

कविताला दाखल केलं ते सिस्टरच्याच जुन्या वॉर्डात. जुन्या गोळ्यांपैकी एकही लागू पडत नव्हती. नवी औषधं सुरू झाली, पण फुप्फुसात फारसं काही उरलं नव्हतं. सिस्टर रोज कामावर यायच्या आधी वॉर्डाच्या जिन्यात उभ्या राहायच्या. ज्या वॉर्डात त्यांच्या हाताखाली पोरी शिकल्या, त्याचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही, कारण आईने नको म्हटलं होतं. आतली एक नर्स येऊन सांगून जायची, जेवली, नाही जेवली, ताप आहे. पाचव्या आठवड्यात ती आली आणि म्हणाली, खाट रिकामी झाली.

त्यांच्या जुन्या इन्चार्ज त्यांना म्हणाल्या, "परत ये गं. तिथे काय करतेस? इथे निदान पेशंट समोर तरी असतो." मला वाटलं, जातील. मी त्यांच्या जागी असते तर गेले असते. सिस्टरनी नकाराची मान हलवली. "दीपाचा एक्स-रे झाला नाही अजून," म्हणाल्या.

दीपा अकरा वर्षांची. बहिणीजवळ कुणीतरी हवं म्हणून तिला गावाहून आणलं होतं. तिच्या छातीतही तेच निघालं, पण लवकर सापडलं. वर्षभराहून जास्त औषध घ्यायचं होतं, एक दिवस न चुकता. आईची अट एकच, ती बाई दारात नको. मग असं ठरलं की कांजूरमार्गच्या हेल्थ पोस्टमधून गोळ्या मी घ्यायच्या आणि ड्युटी सुरू व्हायच्या आधी दीपाला माझ्यासमोर खायला लावायच्या. सिस्टर मुलुंडला राहायच्या. त्यांना तिथे यायचं काही कारण नव्हतं. तरी त्या रोज सकाळी मध्येच उतरायच्या आणि इमारतीखाली कट्ट्यावर बसायच्या. मी खाली आले की विचारायच्या, "गिळलान? उलटी नाय ना?" मी सांगायचे. मग आम्ही घाटकोपरला जायचो.

एवढा काळ हे चाललं. उलट्या झाल्या, दीपाने गोळ्या गादीखाली लपवल्या, आईने एकदा मलाही दारातून परत पाठवलं. त्या दिवशी सिस्टर कट्ट्यावरून उठल्याच नाहीत. "दुपारी परत जा," म्हणाल्या, "आणि संध्याकाळी परत जा." मी गेले. तिसऱ्या खेपेला दार उघडलं.

औषध संपलं तो सिस्टरच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. शेवटची गोळी घेऊन दीपा मला सोडायला खाली आली, उड्या मारत. कट्ट्यावर सिस्टर होत्या. आधी गावी असल्यामुळे आणि इथे माझ्याबरोबर कधी खाली न उतरल्यामुळे दीपाने त्यांना पाहिलं नव्हतं.

"या कोण?" तिने विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, "मी हिच्या वांगडा आसंय, हिच्या सोबत."

"बरं," दीपा म्हणाली, मला टाटा केलं आणि वळून जिना धावत चढायला लागली. सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. वर दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. चार मजले धावत गेली आणि एकदाही खोकली नाही.

"चल गो," सिस्टर म्हणाल्या. "अजून सात घरां रवलीत."