वाटाड्याचं खरं नाव

धाकटा गेला तेव्हा ताई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काच घासत होती. फोन मालकांनी घेतला आणि ते दारात नुसतेच उभे राहिले. ताईने हातातली काच पुरी केली, चाकावरचं पाणी बंद केलं, काच फडक्याने पुसून पाकिटात घातली, वर गिऱ्हाइकाचा नंबर लिहिला आणि मग विचारलं, "कोण?"

तिचा भाऊ टपाल कार्यालयात पत्रं लावायचा. चहाच्या सुट्टीत खुर्चीवर टेकला तो उठलाच नाही. वय अठ्ठेचाळीस. ताईपेक्षा चार वर्षांनी लहान.

ताई रडली नाही. पहिले दोन दिवस लोक म्हणाले, किती खंबीर आहे. नंतर म्हणायला लागले, बाई जरा विचित्रच आहे. तिला स्वतःला काहीच म्हणावंसं वाटत नव्हतं. ताटात वाढलेलं ती खायची, अंथरुणाला पाठ लागली की झोपायची. सातव्या दिवशी ती कामावर गेली. तिथलं काम हात करत होते. तिरक्या नंबराची काच फ्रेममध्ये बसवताना एक अंशही इकडेतिकडे झालेला चालत नाही, आणि तिचा होत नव्हता.

महिन्याभराने एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"मी गटाचा चिटणीस बोलतोय. टपाल्या तुमचे भाऊ ना?"

"कोण टपाल्या?"

"म्हणजे… आमच्यात ते त्या नावाने होते. वाटाड्याच्या गटात."

वाटाड्या म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं. ती दोघं लहान असताना टीव्हीवर एक मालिका लागायची. अंतराळात रस्ता चुकलेल्या यानांना एक माणूस घरी पोहोचवायचा. डोक्यावर राखाडी शिरस्त्राण, चेहरा अर्धाच दिसायचा. सगळे त्याला वाटाड्या म्हणायचे. कुणी नाव विचारलं की तो म्हणायचा, "पोहोचलात की सांगेन." आणि लोक पोहोचून मागे वळून बघेपर्यंत हा पसार. अठ्ठ्याहत्तर भाग झाले, मालिका संपली, नाव काही कळलं नाही.

धाकट्याने मात्र तो नाद सोडला नव्हता. त्याच्यासारखे आणखी दोनेकशे जण होते आणि त्यांच्यात चक्क दोन तट होते. नकाशेवाले म्हणायचे, नाव यानातल्या नकाशावरच्या खुणांत लपलंय. ओठवाल्यांची सगळी भिस्त एकसष्टाव्या भागावर होती. त्यात एक मरायला टेकलेली म्हातारी वाटाड्याच्या कानात त्याचं नाव सांगते आणि नेमका तेव्हाच इंजिनाचा आवाज होतो. ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात. ते दोनदा मिटतात. म्हणजे नावात प, ब किंवा म असलाच पाहिजे, तोही दोनदा. धाकटा ओठवाला होता, आणि साधासुधा नाही, अगदी म्होरक्या.

"रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात जमतोय," चिटणीस म्हणाला. "त्या म्हातारीचं काम केलेल्या बाई येणार आहेत. टपाल्याची फार इच्छा होती त्यांना भेटायची. टपाल्या नावाचे अंदाज ज्या वहीत लिहायचे, ती घेऊन याल?"

वही भावजयीकडे होती. ताईने तिला विचारलं. भावजय म्हणाली, "मीही येते, वन्सं. घरात बसून तरी काय करू?"

सभागृहात पन्नासेक माणसं होती. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, काही जण नातवंडांना घेऊन आलेली. भिंतीवर म्हातारीच्या ओठांचे सहा मोठे फोटो ओळीने लावले होते. ताईने धंद्याच्या सवयीने समोरच्यांचे चष्मे पाहिले. दोघांच्या काचा चुकीच्या बसवल्या होत्या.

बाई आल्या. मालिकेत त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि केसांना पांढरा रंग लावून म्हातारी केली होती. आता रंगाची गरज नव्हती. चिटणीसाने हात जोडून विचारलं, "बाई, एवढंच सांगा. तुम्ही त्याच्या कानात काय म्हणालात?"

बाईंनी फोटोंकडे पाहिलं, मग पन्नास चेहऱ्यांकडे.

"खरं सांगू? त्याचा बुटातला पाय माझ्या साडीवर पडला होता. वरून पांघरूण होतं म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी म्हणाले, पाय उचल बाबा."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका नकाशेवाल्याने टाळी वाजवायला हात उचलले, पण शेजाऱ्याने ते खाली दाबले. एक गृहस्थ फोटोजवळ जाऊन ओठ हलवून बघू लागले. "पाय. बाबा." मग वळून म्हणाले, "यात ओठ तीनदा मिटतात. फोटोत दोनदाच आहेत. बाईंना शपथ घातलेली असणार." हे पाच-सहा जणांना एकदम पटलं आणि सभागृहात पुन्हा धुगधुगी आली.

मग चिटणीसाने ताईला पुढे बोलावलं. टपाल्याचा शेवटचा अंदाज काय होता ते वाचून दाखवा, म्हणाला. ताईने वही उघडली. पानोपानी बारीक, टपालखात्याच्या अक्षरात नावं होती आणि प्रत्येकावर पट्टीने रेघ मारलेली. ती पानं उलटत गेली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर नाव नव्हतं. तिथे जे होतं ते तिने सपाट आवाजात वाचलं.

"ताईला विचारायचं. एकसष्टावा भाग संपल्यावर तिने लगेच एक नाव सांगितलं होतं. मी हसलो होतो. तेच बरोबर असावं. मला आता आठवत नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते.

"मग कोणतं नाव, ताई?" कुणीतरी हळूच विचारलं.

तिने आठवून पाहिलं. टीव्ही कुठल्या कोपऱ्यात होता ते आठवलं. धाकटा पालथा पडून, हनुवटी उशीवर टेकून बघायचा, तेही आठवलं. पुढे काही नाही.

"मलाही आठवत नाही," ती म्हणाली आणि वही मिटली.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ताईने विचारलं, "त्याने मला विचारलं का नाही? फोन तर करायचा."

"दर रविवारी म्हणायचे, आज विचारतो. मग आपलं तब्येत कशी, जेवलीस का, एवढंच बोलून ठेवायचे." भावजय खिडकीबाहेर बघत होती. "म्हणायचे, ताई म्हणेल, या वयात काय हे खूळ."

"म्हटलं असतं," ताई म्हणाली. खरं तर एकदा म्हटलंही होतं, पाहुण्यांसमोर. तो तेव्हा हसला होता आणि त्याने विषय बदलला होता. हे आठवलं तरी आत काही हललं नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तिथे बोट लावल्यावर कळतं पण लागत नाही, तसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका शिक्षिकेच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी चष्मा परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज राहू द्या. घरी जा."

ती घरी गेली नाही, भावजयीकडे गेली. धाकट्याने सगळे भाग जमवून ठेवलेले होते, क्रमाने, आकडे घालून. भावजयीने आजवर त्यातला एकही धड पाहिला नव्हता. "मला ते धातूचे कपडे बघून हसू येतं," ती म्हणाली. ताईने पहिला भाग लावायला सांगितला.

तेव्हापासून ती आठवड्यातून तीनदा संध्याकाळी जाते. भावजय भाजी निवडत बघते, यानं हलताना मागचा पडदाही हलतो ते दाखवते. ताई पडद्यावरून नजर काढत नाही. चिटणीसाचा अधूनमधून फोन येतो, आठवलं का म्हणून. ओठवाल्यांनी म्हणे आता बाईंच्या खोटं बोलण्यावर नवी वही काढली आहे.

एकसष्टावा भाग परवा झाला. म्हातारीने कानात सांगितलं, इंजिन गरजलं, नावांची पाटी वर सरकू लागली. भावजयीने हातातली जुडी खाली ठेवली.

"आठवलं, वन्सं?"

"नाही."

"मग लावू पुढचा?"

"लाव," ताई म्हणाली, आणि तिने चष्मा काढून पदराने पुसला.