हिरव्या पातळाची खोळ

पेटी बंद पडली तेव्हा तिच्यात मुंगवड्यांची भाजी होती. आमच्या घरात मायक्रोवेव्हला पेटी म्हणतात. माझ्या बायकोनं ठेवलेलं नाव. संध्याकाळची वेळ, भाजी आत फिरत होती अन् एकदम गुरगुर थांबली. आतला दिवा गेला. वरचे हिरवे आकडे गेले. मी म्हटलं, लाईन गेली. वर पाहिलं तर पंखा गरगर फिरून राहिला. म्हणजे घरात लाईन होती, फक्त पेटीतून गेली होती.

बटन दाबलं. परत दाबलं. प्लग काढून घातला. दार उघडून आपटलं. शेवटी वरून एक थाप दिली, जशी जुन्या रेडिओला द्यायचो. रेडिओ थाप ऐकायचा. हिनं नाही ऐकली. भाजी काढून पाहिली तर काठाला गरम अन् मधी थंडगार. तशीच खाल्ली. खाताना पेटीला अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

वाचणारा म्हणेल, एवढं काय त्यात, गॅसवर गरम करायची. तेच तर सांगायचं आहे. माझ्या घरात शेगडी आहे. सिलिंडर भरलेला आहे. रेग्युलेटर पुण्याला आहे.

बायको गेल्यावर मी दोनदा शेगडीवर दूध ठेवून विसरलो. एकदा भांडं जळालं. एकदा दूध उतू जाऊन जाळ विझला अन् घरभर गॅस झाला. गल्लीतल्या वहिनीनं मुलाला फोन केला. ही वहिनी शेतात कामाला जायच्या आधी मला सकाळी भाकरी-भाजीचा डबा देते. बाई लाख चांगली, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. मुलगा पुण्याहून आला. रागावला नाही, ओरडला नाही. रेग्युलेटर काढला, टॉवेलात गुंडाळला अन् आपल्या बॅगेत टाकला. म्हणाला, "बाबा, पेटीवर सगळं होतं. चहा होतो, भाजी गरम होते. पेटीवर भागलं तर इथं राहा. नाही भागलं तर पुण्याला चला. मग मी काही ऐकणार नाही."

तो लहान असताना मी त्याच्या हातातली विडी-काडी हिसकून घ्यायचो. आता त्यानं माझी शेगडी हिसकली. चूल मांडली असती, पण गुडघे वाकत नाहीत. खाली बसलो तर उठायला खांब शोधावा लागतो.

पुणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. सून मानानं वागवते. पण माझी बायको तिथं कधी राहिलीच नाही. एकदा गेली, लिफ्टमध्ये घाबरली अन् परत यायचा धोशा लावला. त्या घरात ती कुठं बसायची हे मला सांगता येत नाही, कारण ती बसलीच नाही. इथं मला माहीत आहे. या खिडकीपाशी लसूण सोलायची. या उंबऱ्यावर पाय पसरून बसायची अन् मी आलो की म्हणायची, "वलांडून जा, मी काई हटत नाई." अजूनही उंबरा ओलांडताना मी पाय उंच उचलतो. पुण्याला मी पाय कशावरून उचलू?

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. रोज येतो.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"गरम करून?"

"हाव. गरम होती."

खोटं नव्हतं. काठानं गरम होतीच.

"मी रविवारी येतोय," तो म्हणाला अन् मी बंद पेटीकडं पाहिलं. बाप म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता.

सकाळी माझा दोस्त आला. हा वीज खात्यात लाईनमन होता, आता माझ्यासारखाच रिकामा. रोज माझ्याकडे चहा पितो अन् चहाला नावं ठेवतो.

"काऊन बे, आज चहा नाई?"

"पेटी मेली."

"कशानं मेली?"

"मले सांगून नाई मेली."

त्यानं पेटीला कान लावला, वास घेतला. मग कुलरचा प्लग काढून पेटीच्या पॉईंटात घातला. कुलर चालू झाला. "बोर्डात लाईन हाये," तो म्हणाला, "दोष पेटीत हाये."

"थे मले कालच माहीत होतं."

"मंग फ्यूज गेला असन. पेचकस आण. आतमंधी तार टाकून देतो, जन्मभर पाहा लागनार नाई."

"तार? माह्या विहिरीवरच्या मोटरीत तूच तार टाकली होती. मोटर जळाली अन् तार साबूत राह्यली."

"मोटरच फालतू होती थे."

आमच्याकडं ही सवयच आहे. फ्यूज उडाला की जाड तार. परत उडाला की अजून जाड. त्यानं पेटीची खोळ वर करायला हात घातला अन् मी त्याचा हात धरला.

खोळीचं सांगायला पाहिजे. बायकोनं आपल्या जुन्या हिरव्या पातळाची पेटीला खोळ शिवली होती. आमच्याकडं कोणतीही मशीन घरात आली की तिला खोळ शिवतात. टीव्हीला होती, मिक्सरला आहे. पेटी आली तेव्हा बायकोचे पाय सुजायचे, शेगडीपाशी उभं राहवत नव्हतं, म्हणून मुलानं आणून दिली. तिनं पहिल्या दिवशी हळद-कुंकू लावलं अन् दुसऱ्या दिवशी खोळ शिवायला घेतली. बटनांवर इंग्रजीत लिहिलेलं, ते दोघांनाही येत नव्हतं. म्हणून तिनं आपल्या कपाळाच्या दोन टिकल्या बटनांवर चिकटवल्या. लाल टिकली चहाची, काळी टिकली भाजीची. "बाकीच्यायले हात लावायचं काम नाई," म्हणाली. मी अजून लावलेला नाही.

शेवटच्या वेळी खोळ तिनंच घातली होती. एका कोपऱ्यात तिच्या हाताची चुणी पडलेली होती. तेव्हापासून मी ती काढली नाही. समोरची बाजू वर करायची, दार उघडायचं, भाजी ठेवायची, खोळ खाली सोडायची.

दोस्त चिडला. "मी अख्ख्या फिडरची लाईन चालू करत होतो, अन् तू मले एक डब्बा खोलू देत नाई!"

"फिडर बंद राह्यला तं लोक अंधारात बसत. हे बंद राह्यलं तं मी पुण्याले जाईन."

यावर त्यानं हात मागं घेतला. मी गेलो तर त्यालाही चहा कोण देणार?

पेटीच्या दारावर कंपनीचा फोन नंबर होता. आकडे मला येतात. लावला. एक मशीन बोलली, हे दाबा, ते दाबा. दाबत गेलो. गाणं वाजलं. परत मशीन. परत गाणं. कान गरम झाला, पेटी थंडच. शेवटी एक मुलगी आली, गोड हिंदीत बोलणारी. म्हणाली, पेटीच्या मागं मॉडेल नंबर असतो तो सांगा. मी खोळ मागून जराशी उचलली, चष्मा लावला. सगळं इंग्रजी. मी म्हटलं, "बाई, पहिलं अक्षर खुर्चीवानी हाये. दुसरं गोल. तिसरं इळ्यावानी."

"सर, कृपया अंग्रेज़ी में बताइए."

"इंग्रजी येत असती तं तुले फोन काऊन केला असता?"

ती परत म्हणाली, सर. तिला दिवसभर माझ्यासारखेच भेटत असतील. शेवटी म्हणाली, मिस्त्री आपके यहाँ अगले हफ्ते आएगा. अगला हफ्ता म्हणजे रविवारच्या नंतर. मी फोन ठेवला. तिचा काही दोष नव्हता, तरी मला तिचा राग आला. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. बायको मेलेल्या माणसाला लोक म्हणतात शांत राहा. शांतच तर आहे घरात. नको तितकी शांती आहे.

मग खामगावला दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं ठरवलं. पेटी खोळीसकट सुतळीनं बांधली. दोस्तानं उचलून काळीपिवळीत माझ्या मांडीवर ठेवली. जीप गच्च भरली. शेजारी एक बाई कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसली होती.

"बाबा, टीव्ही घेतला का नवा?"

"टीव्ही नाई."

"मंग काय हाये हे झाकून?"

"बिमार हाये. दवाखान्यात नेऊन राह्यलो."

बाईनं तोंड फिरवलं. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. प्रत्येक खड्ड्यात पेटीचा कोपरा पोटात घुसत होता अन् मी दोन्ही हातांनी तिला धरून होतो. दवाखान्यात नेताना बायकोला असंच धरलं होतं, याच रस्त्यानं. तेव्हाही खड्डे हेच होते.

दुकानदार चाळिशीचा असेल. खांद्यात फोन दाबून कोणाशी तरी बोलत होता. पेटीकडं न बघताच म्हणाला, "काका, नवीन घेऊन टाका. याच्यात काही राह्यलं नाई."

"खोलून तं पाय."

"ठेवून जा. पुढच्या आठवड्यात या."

"मी इथीच बसतो."

"काका, लय काम आहे मले."

"मले नाई. म्हून तं बसतो."

मी स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक आलं की माझा पाय मधी यायचा. दुपार झाली. मला कटवायचं म्हणूनच त्यानं शेवटी पेटी घेतली. सुतळी कापली अन् खोळ एका झटक्यात ओढून काउंटरवर फेकली. जी खोळ मी इतके महिने काढली नव्हती, ती तिथल्या तेलाच्या डब्यावर जाऊन पडली. मी तोंड उघडलं, पण तोवर त्यानं पेटीची पाठ माझ्याकडं फिरवली होती. मागच्या जाळीला धुळीचा थर बसला होता, अन् त्या धुळीत हिरवे धागे.

"काका, हे कापड घालूनच चालवता का?"

"हाव. समोरून वर करतो, दार उघडापुरतं."

"अन् मागची जाळी?"

"झाकेल राह्यते. धूळ जाऊ नये म्हून."

तो हसला. शेजारच्या दुकानात हाक मारून म्हणाला, "अबे, इकडं ये! काकानं मशीनले साडी नेसवली!"

मी उठून उभा राहिलो. "साडी नाई, पातळ हाये. माह्या बायकोचं हाये. अन् थे वारली."

तो हसायचा थांबला नाही, पण आवाज बारीक केला. मग सांगितलं. पेटी चालताना आतून गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. जाळी झाकली की पेटी आतल्या आत तापते. लय तापली की आतला एक छोटा तुकडा स्वतः जळतो अन् लाईन तोडतो, म्हणजे पेटीला आग लागत नाही. तोच तुकडा गेला होता. त्यानं नवा बसवला, जाळी झाडली, प्लग लावला. हिरवे आकडे आले. मी आकड्यांकडं बघत बसलो.

"खोळ काढून चालवजा," तो म्हणाला, "नाईतं आणखी याल इथी."

येताना जीपमध्ये मला आठवलं. बायको रोज खोळ काढायची. पूर्ण काढायची, खांद्यावर टाकायची अन् भाजी होईपर्यंत तिथंच उभी राहायची, सुजलेल्या पायांवर. झाल्यावरही लगेच घालत नव्हती. पेटीवर हात ठेवून बघायची, थंड झाली का, अन् मगच घालायची. मी बाजेवरून म्हणायचो, काय सोंग लावलं, राहू दे ना तसंच. तिला कोणी सांगितलं होतं की तिचं तिलाच कळलं, मला माहीत नाही. मला वाटायचं, पातळाला भाजीचा डाग पडू नये म्हणून काढते. एवढ्या वर्षांत सगळं बोलली, शेतावरून बोलली, माझ्या भावावरून बोलली, अन् हे एक नाही सांगितलं. मला तिचा राग आला. मग राग काढायला ती नाही याचा आणखी राग आला.

रविवारी मुलगा आला. चपला काढल्या न काढल्या तोच स्वयंपाकघरात. मी खोळ काढली, खांद्यावर टाकली, भाजी ठेवली, काळी टिकली दाबली. पेटी गुरगुरली. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. पेटीकडं नाही, माझ्या खांद्याकडं.

"बाबा, आई पण असंच..."

"चूप राह्य. भाजी होऊन राह्यली."

भाजी झाली. नेहमीसारखी काठाला चटका अन् मधी थंड. त्यानं चमच्यानं हलवली, परत ठेवली, परत काळी टिकली दाबली. आम्ही दोघं उभेच होतो. जेवताना त्यानं पुण्याचं नाव काढलं नाही. मीच विचारलं, "रेग्युलेटर आणला का?"

"नाही."

"काऊन?"

"तुम्हाला माहीत आहे काऊन."

संध्याकाळच्या बसनं तो एकटाच गेला. पुढच्या वेळेला काय म्हणेल, ते त्यालाच ठाऊक.

त्याला सोडून आलो, उंबरा ओलांडला, अन् पेटीवर हात ठेवून पाहिला. थंड होती. खोळ घालायला घेतली तर तिला दुकानातल्या तेलाचा वास येत होता. बायकोचा जो काही वास होता तो गेला, अन् कोपऱ्यातली चुणीही गेली. तेलाच्या डब्याला लागली तिथं काळा डाग पडला आहे. आता ती धुवावी लागेल. असलं पातळ गरम पाण्यात धुतात की थंड, हेही तिनं मला सांगितलं नाही.