वंदना चौगुले हिचे चार लेख

वरवंट्याचा पहिला घाव लॅपटॉपवर बसला. दुसरा वंदनाच्या डोक्यात.

पुढचे किती, हे शेजारच्या काकूंना सांगता आले नाही. भिंतीपलीकडून त्यांना फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. "कुणाचं नाव लावतीस? सांग की! कुणाचं?"

आज वर्ष झाले.

मारणारा तिचा नवरा. त्याचे नाव या पोस्टमध्ये येणार नाही.

वंदना कबनूरची. वडील यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पीएच.डी.चा विषय तिने घरातूनच उचलला होता: कांड्या भरणाऱ्या बायका. लग्न होऊन ती मंगळवार पेठेत आली, तेव्हा तिचे दोन लेख छापून झाले होते.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. नाव, मधले नाव, आडनाव, तिन्ही बदलले.

पुढचे दोन लेख त्या नावाने आले. "न्हायतर युनिव्हर्सिटीची पायरी चढायची न्हाय," ही त्याची अट.

मी तिची ज्युनिअर. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण संदर्भसूची मी बिनचूक करते, एवढी विभागात माझी ख्याती. सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरायची, बटण दाबायचे. लेखकांची नावे अकारविल्हे लागतात, स्वल्पविराम आपापल्या जागी बसतात.

वंदनाच्या प्रबंधाची यादी लावली, तेव्हा तिचे दोन लेख 'च'मध्ये आले आणि दोन पार खाली, 'स'मध्ये.

ती इतक्या मोठ्याने हसली की अख्ख्या ग्रंथालयाने माना वळवल्या.

"आयला! लेख चार, बायका दोन. आणि दोन्ही मीच की गं!"

मग हसणे थांबवून म्हणाली, "मला एका जागी आण. चौगुलेत."

"ज्या नावाने लेख प्रसिद्ध झाला, त्याच नावाने नोंद करावी लागते. तसा नियम आहे."

"तू बोलतीस का परिपत्रक वाचतीस? नियम कुणाचा, ह्या मशीनचा?"

"संशोधनाचा."

"मग संशोधनाला सांग, पयली बाई अजून मेली न्हाय. दुसरी कशाला आणलीस म्हणावं."

तिच्या उजव्या हाताची दोन बोटे पट्टीत होती. दारात सापडली, असे ती सर्वांना सांगे. मला म्हणाली, "दार त्यानं लावलं. बोटं मधी हायत हे बघून लावलं."

मी विचारले, "डॉक्टरांना दाखवलेस का?"

याहून अधिक मी काहीही विचारले नाही.

नियमात एक वाट होती. ते दोन लेख छापणाऱ्या त्रैमासिकाच्या संपादकांनी नावाची दुरुस्ती प्रसिद्ध केली, तर नोंद बदलता येणार होती. मी अर्ज लिहून दिला. डाव्या हाताने तिने वाकडीतिकडी सही केली: वंदना शंकर चौगुले.

सही बघून म्हणाली, "लई दिवसांनी भेटली ही."

दुरुस्ती मिळाल्यावर यादी कशी दिसेल, हे तिला दाखवावे असे मला वाटले. तिला आनंद होईल म्हणून. एके दुपारी मी ती तयार करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

खाली लिहिले: "चारही लेख आता तुझ्या माहेरच्या नावाखाली एकत्र आले आहेत. अभिनंदन."

वाक्य नीट रचले होते. पूर्णविरामासकट.

फोन त्याच्या हातात होता.

पोलिसांनी मला तो संदेश वाचून दाखवला, तेव्हा कळले.

मी मारले नाही, हे मला समजते. सगळे समजावतात. तरीही बोटे मोडलेली पाहिली असताना, त्या घरात काय पाठवायचे नाही, हे मला समजायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातला फोटो, त्याखाली सासरचे नाव, आणि नावाआधी 'कै. सौ.'

तिची आई फ्लेक्ससमोर उभी राहून किंचाळली. "मारणारा जित्ता हाय म्हणून माझी पोरगी अहेव गेली म्हणत्यात! कसलं सौभाग्य रं मुडद्यांनो? फाडा ते!"

कुणी पुढे झाले नाही. आईनेच नखांनी ओरबाडला. फ्लेक्स सहजी फाटत नाही. कोपरा तेवढा निघाला आणि तिच्या नखातून रक्त आले.

मी शेजारीच उभी होते. माझ्या हातांनी बॅगेचा पट्टा धरला होता.

महिन्यापूर्वी मी एकटी संपादकांकडे गेले. अर्ज अजून त्यांच्या फाइलमध्येच होता.

ते सौजन्याने म्हणाले, "लेखिका हयात नाहीत. आता पतींची संमती लागेल. जवळचे वारस तेच."

"सर, ते तिच्या खुनाच्या खटल्यात तुरुंगात आहेत."

"हो, वाचलं मी. फार वाईट. पण पद्धत ती पद्धत."

त्यांच्या टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. तो माझ्या मुठीत कधी आला, मला आठवत नाही. त्यांच्या कपाळावर नेमकी कोणती जागा, हेसुद्धा मी ठरवले होते.

ते फाइलमध्ये बघत होते.

मी पेपरवेट खाली ठेवला. "धन्यवाद सर," मी म्हणाले आणि जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात माझा प्रबंध जमा होईल. त्याच्या संदर्भसूचीत वंदनाचे चारही लेख आहेत. तिच्याइतके जवळून त्या बायकांवर कुणी लिहिलेले मला सापडले नाही.

काल मी यादीत खालच्या दोन लेखांवरचे नाव पुसून चौगुले लिहिले. अपडेट होताच सॉफ्टवेअरने ते सासरचे नाव परत आणले.

पुन्हा पुसले. पुन्हा आले.

पाचव्यांदा ते नाव उगवले, तेव्हा मी यादीची सॉफ्टवेअरशी असलेली जोडणीच तोडून टाकली. आता ते तिला हात लावू शकत नाही.

मग एकेक अक्षर हाताने टाइप केले.

नियमाप्रमाणे ही चूक आहे. दोन नोंदी, दोन चुका. शाळेपासून आजपर्यंत मी जाणूनबुजून केलेल्या या पहिल्याच. परीक्षकांनी लाल खूण केली आणि मौखिक परीक्षेत कारण विचारले, तर मी सांगणार आहे. सगळ्यांसमोर, वरवंट्यापासून.

वंदना शंकर चौगुले, चारही लेख तुझे आहेत. जा आता.