चार पदरी फडकं

आमच्या वॉशिंग मशीनमध्ये हल्ली पाणी फार हळू भरत होतं. मी माहितीपुस्तिका उघडून क्रमाने तपासलं. नळ पूर्ण उघडा होता, पाइपला पीळ नव्हता, मशीनच्या तोंडाची जाळीही स्वच्छ होती. शेवटी पाइपचं नळाकडचं टोक सोडवलं, तर आत चार पदरी पांढरं फडकं.

"अहो, हे काय?"

"पाणी गढूळ येतंय ना," तुमचे आजोबा म्हणाले. "स्वयंपाकघरातल्या नळाला नाही का आपण फडकं बांधत?"

"तिथे एक पदर असतो. तुम्ही तर गादीच घातलीत!"

"मग? मशीन जपायला नको?"

हसता हसता मला आपला रविवारचा फोन आठवला, बाळांनो. स्वेटर घातला का, जेवलात का, झोप झाली का, असं आम्ही एकामागून एक विचारतो. तुम्ही "हो आजी" म्हणता आणि फोन आईकडे देता. दूर राहून तुमचं आमच्याशी बोलणंच आटत चाललंय, अशी मला भीती वाटायची. त्या ओल्या फडक्याकडे बघताना वाटलं, काळजीचे पदर फार झाले की पलीकडचं माणूस थेंबाथेंबानेच बोलणार.

फडकं काढल्यावर मशीनमध्ये पाणी धो धो आलं, थोडं गढूळच. आजोबांनी डोकावून तोंड वाकडं केलं.

"असू द्या," मी म्हटलं.

येत्या रविवारी मी स्वेटरचं विचारणार नाही. तुम्ही भांडणं सांगा, खोड्या सांगा, मोडक्यातोडक्या मराठीत सांगा. मी नुसती ऐकत बसेन.